तीन लिटर

एकतीस वर्षं फेरीबोटीच्या पोटात उतरून
मी इंजिनाला घट्ट तेल पाजलं,
असं घट्ट, की बोटांना लागलं तर
दुपारच्या भातालाही त्याचा वास यायचा.
म्हणून प्रज्योती पुण्याहून फोनवर म्हणाली,
बाबा, आता गाडीत सिंथेटिक घाला,
तेव्हा मी ऐकू न आल्यासारखं केलं.
डावा कान तसाही इंजिनरूमलाच देऊन आलोय.
कधी कधी उपयोगी पडतो.

मग एकदा घाटावर म्हातारीला धाप लागली.
गाडी चौऱ्याण्णवची.

मेरशीच्या गॅरेजात जोकीमने सतरा नंबरचा पाना लावला.
नट सुटला तरी बराच वेळ काही आलंच नाही.
मग थंडीतल्या काकवीसारखं
विचार करत करत उतरलं.
वरचं झाकण काढलं तर आत काळी साय,
चमच्याने वाढता येईल इतकी.
"पात्रांव, हें कितें? खतखतें?"
मी म्हटलं, माझ्याच हातचं आहे.
दर वेळी स्वस्तातलं,
दर वेळी दोन महिने उशिरा.

नवं तेल मधाच्या रंगाचं, पण मधापेक्षा घाईत.
तीन लिटरचा डबा. किंमत लिहीत नाही,
शालन हे वाचेल.

आठ दिवस गाडी अशी चालली
की पणजीच्या सिग्नलला बंद पडली समजून
मी दोनदा चावी फिरवली.
स्टार्टर किंचाळला. मागचा टेम्पोवाला हसला.
टॅपेटची ती टकटक,
जिच्यावरून मी तिची नाडी बघायचो,
गेली कुठे कोण जाणे.

नवव्या दिवशी फेरीच्या लोखंडी तळावर थेंब.
तिथे कुणाचं तेल कुणाचं, सांगणं कठीण,
पण दोर सोडता सोडता विश्राम म्हणाला,
"काका, तुमची गाडी गळते."
याच तळावर उभा राहून
मी किती जणांना हे सांगितलं असेल.

माझं वाक्य तयार होतं: बघ, मी म्हणत नव्हतो?
जोकीम गाडीखाली होता, फक्त चपला दिसत होत्या.
चपलांकडून आवाज आला,
"तेलाचो गुन्यांव ना, पात्रांव.
सील कधीच मेलंय. इतकी वर्षं
तुमचा गाळच तिथे सील होऊन बसला होता.
नव्या तेलाने तो धुतला, एवढंच."

वाक्य गिळलं.
गाळाबद्दल मात्र वाईट वाटलं.
कुणी नेमलं नव्हतं, पगार नव्हता,
तरी भोक धरून बसला होता बिचारा,
आणि मी त्याला घाण म्हणत आलो.

सील एकशे चाळीसचं.
ते बसवायला गिअरबॉक्स उतरवायचा, त्याचे अडीच हजार.
काजूच्या पेटीचा पुठ्ठा रोज रात्री गाडीखाली सरकवायचा,
सकाळी चष्मा लावून मोजायचं:
आधी सात, अकरा, नऊ.
सील बदलल्यावर एक.
मग नुसताच पुठ्ठा, त्यावर एक मुंगी.

काल दुपारी घरी पोचलो तर दार बंद.
भात लावलेलाच नाही.
शालन ओले हात पुसत आली,
"पियेदादच्या चढावर तुमची खडखड ऐकली
की मी तांदूळ धुवायला घेते.
आता मला कसं कळायचं?"
इतक्या वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं.
कुकरच्या तीन शिट्या होईपर्यंत
दोघं ओट्याजवळ उभे राहिलो, काही न बोलता.
रात्री प्रज्योतीला सांगितलं. ती इतकी हसली
की डाव्या कानातही थोडं पोचलं.

आता चढावर मी हॉर्न देतो.
दोन आखूड, एक लांब,
फेरी सुटताना द्यायचे तसा.
कायतानचा कुत्रा रोज फसतो,
झोपेतून उठून
धक्क्याकडे धावत सुटतो.