एक वीत जास्त

हरिपूर रोडला, मगदूम बाईंच्या न्हाणीत
नळाला हात लावला की मुंग्या येतात,
म्हणून मला बोलावलं.
भर मे महिना. ओल कुठं नाही.
टेस्टर टेकवला तर त्यातला शेंदरी ठिपका
मिणमिणता, पण पेटला.

मेन पाडला. बोर्डाला चिठ्ठी चिकटवली:
माणूस कामावर आहे.
हे दस्तगीर मिस्त्रींचं शिकवणं.
ते आधी जिवंत तारेवर टेस्टर तपासायचे,
मगच मेलेल्या तारेवर.
"टेस्टरबी मरतो, बाबा. त्याला कोण विचारतं?"

भिंत ठोकत गेलो.
गिझरच्या डावीकडं हातभर, प्लास्टर पोकळ बोललं.
दोन टोल्यांत खपली निघाली.
आत डबा नाही, झाकण नाही,
सिमेंटात पुरलेले नुसते दोन पीळ,
टेपचा डिंक पाघळून गेलेला,
तांबं एका जागी जळून
खडूसारखं ठिसूळ.

टेप हिरवी होती.

काळी संपली होती त्या दिवशी,
आणि मारुती चौकातून आणायची तर सायकल पंक्चर.
मी सतरा वर्षांचा. डावखुरा,
म्हणून पीळही उलटा.
तारेलाही अक्षर असतं,
ज्याचं त्याला ओळखू येतं.

मगदूम सर तेव्हा हयात होते.
म्हणाले, नव्या टाइलवर डबा शोभत नाही रे,
बुजवून टाक.
मिस्त्री मिरजेला, उरसाला गेलेले.
मी बुजवला. वरून ओला हात फिरवून
असा गुळगुळीत केला, की सर खूश.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी विचारलं, जोड कुठं घेतलास?
डब्यात, म्हणालो.
"बरं केलंस. पुरायची ती हळद,
तीबी हरिपुरात, पेवात.
जोड पुरू नये. त्याला कधीबी
भेटायला जाता आलं पाहिजे."
आणि बघायला आले नाहीत.
माझ्या शब्दावर विडी पेटवून बसले.

जळकं तांबं मागं मागं कापत गेलो,
चकाकतं लागेपर्यंत.
लागलं, तर तार पोचेना.
त्या पोरानं पुढच्या माणसासाठी
बोटभरसुद्धा शिल्लक ठेवली नव्हती.
पुढचा माणूस मीच.

मग बोर्डापासून नवी तार ओढली.
डबा न्हाणीत नको, भिंतीपलीकडं बोळात काढला,
डोक्याच्या उंचीला, स्टूल न घेता हात जाईल असा.
गिझरची तुटकी अर्थिंग जोडली.
तार सोलली, आतला एकही केस न तोडता,
चिनी मातीच्या कनेक्टरात आवळली,
आणि वळण घालून डब्यात ठेवली
एक वीत जास्त.

झाकण. दोन स्क्रू. आतल्या बाजूला पेन्सिलनं लिहिलं,
कुठली तार कुठून येते, कुठं जाते.
नाव घालावं का, हे ठरेना.

बाई चहा घेऊन आल्या. काय झालं होतं?
"आधीच्या माणसानं जोड पुरला होता."
त्यांनी माझ्याकडं बघितलं, शाळेत बघत असतील तसं.
"आधीच्या माणसाला तेव्हा मिसरूड नव्हतं फुटलं.
चहात बुडवून सहा खारी खाल्ल्या होत्या त्यानं."

बशीत आज दोनच होत्या.
मी एकीला हात लावला, एकीला नाही.

"हे झाकण आता असंच दिसणार?"
दिसणार.
"वरून कॅलेंडर लावलं तर?"
लावा. कॅलेंडर उचलता येतं.

मेन वर केला. नळ सोडला,
आधी मीच ओला हात धरला त्याखाली.
पाणी होतं. नुसतं पाणी.

निघताना चपला घातल्या, परत काढल्या.
बोळात जाऊन मेन पाडायला लावून
ते दोन स्क्रू पुन्हा सोडवले,
जोड धरून एकदा ओढून पाहिला.
सुटून आला नाही.