उलटं माप

बोहरी आळीत शटर अर्धं ओढलं, तेव्हा आली.
पाठीला लॅपटॉप, गळ्यात हिंजवडीचं कार्ड,
सँडल हातात.
‘माप घ्या. वर बघू नका.’

कागदावर पाय ठेवला तिनं.
तोंड माझ्याकडे,
टाचाही माझ्याकडे.

पेन्सिल फिरवली मी, हात हलू दिला नाही.
बाबांच्या वहीतही
बिननावाची चार पानं आहेत.

‘मावळात अनवाणी भागायचं,’ ती म्हणाली,
‘इथं फरशी. आणि जिथं तिथं कॅमेरे.’

आगाऊ पैसे मोजून दिले.
‘अमावास्येच्या आत हवेत.’
गुरुवारी या, म्हटलं. अस्तराचं चामडं मऊ लावतो.

टँकर नुकताच गळत गेला होता.
ती मंडईकडे वळली, दिसेनाशी झाली,
आणि ओल्या रस्त्यावरून तिची पावलं
दुकानाकडे येत राहिली.