चार बोटं खाली

दाउगावपिल्सच्या भंगारवाल्याकडून
राइटिसने आणल्या चार स्प्रिंगा,
भलत्याच गाडीच्या,
पंचवीस युरो आणि एक मेलेली बॅटरी देऊन.

सत्त्याण्णवची स्टेशन वॅगन.
मागच्या पत्र्यात अजून
बापाच्या बटाट्यांची माती.
गंजलेला बोल्ट हटेना.
तेल, हातोडा, शिवी, परत तेल.
रात्री अकराला कड् झालं:
बोल्ट तुटला. बोट नाही, एवढंच नशीब.

जॅक काढला. गाडी बसली
चार बोटं खाली,
डावीकडे जरा जास्तच.
इल्वा म्हणाली, बर्फात रुतशील.
तो हात पुसत राहिला.

मागचं दार उघडंच होतं.
म्हातारा ब्रुनिस,
दोन हिवाळे ज्याला उचलून आत ठेवावं लागायचं,
आला, काठ हुंगला,
आणि आपला आपण
चढला.