शुक्रवारची माडी

म्हापशाचा बाजार उठायला लागला
की आम्ही जिना चढतो.
खाली शिलाईच्या मशिनी दुरुस्त होतात,
वर आमच्या कादंबऱ्या.
पिशवीत मयड्याची केळी, सुकं खारं, चार उंडे,
आणि सगळ्यांच्या तळाशी, वास लागू नये म्हणून
प्लास्टिकात गुंडाळलेलं प्रेम.

पाच जण होतो. आता चार.

यामिनी उसगावकर वीजखात्यात बिलं काढते.
तिचे नायक उंच, आणि कायम उशिरा येणारे.
आपोलिन रोमी लिपीत लिहितो,
वाचताना चष्मा कपाळावर सरकवतो
आणि रडायची जागा आली
की नायिकेच्या आधी स्वतःच रडतो.
रत्नप्रभाबाई शाळेतून निवृत्त, हिशेबाला कडक:
पहिला स्पर्श पान नव्वदच्या अलीकडे नाही.
"वाचणारीने भाड्याचे पाच रुपये मोजलेत.
तिला वाट बघायला मिळायला हवी."
आणि मी. पुठ्ठ्यावर माझं नाव नसतं.
आमच्या हार्डवेअरच्या दुकानाला ते झेपलं नसतं.

"जादा खलनायक आहे का गं एखादा?"
"आहे. पण त्याच्यामागे म्हातारी आई आहे."
"चालेल. आईसकट दे."

असं चालतं आमचं.
कुणाचं लग्न अडलं तर चौघं मिळून लावतात.
कुणी विचारलंच, खरं साहित्य कधी लिहिणार,
तर रत्नप्रभाबाई त्याला चहा देतात,
बिनसाखरेचा.

शैलजा वेर्णेकर पतसंस्थेत होती.
लिहायची तिथल्याच जुन्या खतावण्यांत:
तो बोलला की जमेच्या रकान्यात,
ती बोलली की नावे.
बेरीज कधी मारली नाही.
चवथीच्या आठ दिवस आधी गेली.
भाच्याने खतावणी आणून दिली,
"तुमचंच काहीतरी दिसतंय," म्हणाला.

प्रकरण सतरा. दिवाडीचा धक्का. रात्र.
ती अलीकडे, तो पलीकडे,
मधे मांडवी, आणि फेरीबोट कुणाच्याच बाजूला नाही.
तिथे शाई संपते.

आम्ही भांडलो. दोन शुक्रवार भांडलो.
यामिनी म्हणाली, त्यानंच यावं, उशिरा का होईना.
आपोलिन म्हणाला, तिका वचूं दी रे, तिका,
सगळा जल्म बायलांनीच रावपाचें?
रत्नप्रभाबाई पानं मोजत होत्या.

मी समास वाचत होते.
बांगडे शंभराला सहा. बीपीची गोळी.
खाली, बारीक अक्षरात:
त्याला विचारणे, शेवटची फेरी किती वाजता.
पुढच्या पानावर वेगळ्या पेनाने:
विचारलं. म्हणाला, तुम्ही येईपर्यंत.

वही मी मधे ठेवली. तिघांनीही वाचलं.

मग आठवला मसणाच्या फाटकापाशी उभा राहिलेला एक माणूस,
नदी-परिवहनचा फिका निळा शर्ट,
हातात टोपी, पायांत रबरी बूट.
आत आला नाही. कुणाशी बोलला नाही.
आम्हाला वाटलं होतं, वाट चुकला असेल.

दोन तिकिटांवरून दोनशे पानं काढणारी माणसं आम्ही,
नाक्यावरच्या नजरेला नाव, गाव, गोत्र देणारी.
पण त्या दुपारी कुणीच काही म्हणालं नाही.
यामिनीने पंखा कमी केला.
आपोलिनने चष्मा कपाळावर नेला आणि तिथेच विसरला.
खाली कुणीतरी मशीन चालवून पाहत होतं,
धागा न ओवता.

बऱ्याच वेळाने रत्नप्रभाबाईंनी पेन उघडलं
आणि जमेच्या रकान्यात लिहिलं:
"इंजिन चालू आहे."

नावेचा रकाना
आम्ही अजून भरलेला नाही.
येत्या शुक्रवारी आपोलिन केक आणणार आहे.