छताचा पूल

गोळीबार चौकातून निघालो तेव्हा साडेसहा.
थंडी अशी, की येझदीनं सातव्या किकला ऐकलं.
मागे देवाजी नंदनवार :
माकडटोपी, त्यावर हेल्मेट, त्यावर नाराजी.
"चोक लवकर बंद करतं बे तू.
साठीला आला, पण गाडी काही समजली नाही तुले."

गाडी त्याचीच.
डोळे गेले त्या वर्षी माझ्या दारात उभी केली,
किल्ली दिली, किंमत सांगितली नाही.
त्या बदल्यात महिन्याचा एक रविवार.

कामठी मागे पडली की तो बोलायचं थांबतो.
कन्हानच्या जुन्या पुलावर
इंजिनाचा आवाज कठड्याला लागून परत येतो,
जरा जाडा होऊन.
"कन्हान," तो म्हणतो,
मास्तरनं हजेरी घ्यावी तसं.
पुढचे सिमेंटचे पूल त्याच्या खात्यात नाहीत.
"हे काही बोलतच नाहीत."
उड्डाणपुलाखाली मात्र मान वाकवतो.
वर वीस फूट मोकळे आहेत.
मी सांगत नाही.

मनसरला तर्री-पोहे. तर्री त्याच्या मफलरवर.
मग उजवीकडे कच्चा रस्ता,
कापलेल्या बांध्या, धानाचे पुंजणे,
थंडीत ओल्या तणसाचा वास.
"मळणी राह्यली अजून," तो म्हणतो. खरंच राहिलीय.
"आता तळं."
तळं नाही. प्लॉटचे पांढरे दगड,
एक कमान, कमानीवर कुणाचंतरी हसरं तोंड.
"हो," मी म्हणतो. "बगळे पण आहेत."

पिपरडोलच्या नाल्यावर
मँगनीज खाणीचा जुना ट्रॉलीचा पूल.
सागाच्या फळ्या, दोन्हीकडे फळ्यांच्याच भिंती,
वर पत्र्याचं छत.
माणसासाठी नव्हतं ते :
भिजलेला माल वजनात खोटा भरतो,
म्हणून कंपनीनं पुलाला टोपी घातली.
खाण बंद पडून किती साल झाले,
शेळ्या वळणाऱ्या पोरीलाही ठाऊक नाही.
ती म्हणते, "आत वटवाघळं हायेत."

देवाजी उतरतो. भिंतीला हात लावतो.
चालत जातो, चालत येतो. बासष्ट पावलं.
"वळण नाही?"
नाही.
"दोन्हीकडून भिंत?"
आहे.
"मंग सरक मागं."

मी काय काय म्हणालो ते लिहीत नाही.
सूनबाईचं नाव घेतलं, हाडांचं घेतलं,
शेवटी पेट्रोलचंही घेतलं.
तो हँडल धरून नुसता उभा,
दुसऱ्याच्या गोठ्यात आपली गाय सापडल्यासारखा.

पहिल्यांदा बंद पडली.
दुसऱ्यांदा गचका देऊन बंद पडली.
पोरगी हसली, शेळ्या पांगल्या.
तिसऱ्यांदा पहिला गिअर पडला आणि आम्ही आत गेलो.

आत अंधार, मधून मधून पत्र्याच्या भोकांतून
उन्हाची नाणी.
फळ्या खडखडत होत्या, छत थरथरत होतं,
एकाच येझदीच्या दहा येझद्या झाल्या होत्या
आणि मी, डोळे असलेला,
डोळे मिटून त्याचा स्वेटर धरून बसलो होतो.
उजवीकडे भिंतीला आरसा घासला.
त्यानं हँडल डावीकडे घेतलं, इतकंच,
पोराला रस्त्यावरून जरा आत ओढावं तेवढं.

पलीकडे ऊन लागलं तोंडाला,
तसा त्यानं ब्रेक दाबला.
"छत संपलं," म्हणाला.
खाली उतरला आणि लघवीला गेला,
मला न विचारता, बरोब्बर झुडपाकडे.

परतताना मीच चालवली.
त्यानं कन्हानलाही हाक दिली नाही.
झोपला असेल, वाटलं.
गोळीबार चौकात उतरताना
पायानं फुटपाथ चाचपत म्हणाला,
"बगळे नव्हते ना बे?"

उजवा आरसा अजून वाकडाच आहे.
मिस्त्री म्हणतो, दोन मिनिटांचं काम.