चौथा रंग

हडर्सफील्डला, गालिच्यांच्या दुकानावर एक खोली होती.
खाली लोक लोकर चाचपून बघत,
वर आम्ही तिघं
एका माणसाला पळवत होतो.

ट्रेव्हर पैसे आणायचा, कुठून ते विचारायचं नाही.
नील ॲक्रॉइड कोड लिहायचा, दातांत चहाचा चमचा धरून.
चित्रं माझी. पात्रता म्हणाल तर
शाळेत दसूतीच्या कापडावर भरलेले दोन मोर.
ट्रेव्हरला त्यांचा फोटो दाखवला.
म्हणाला, हेच. हेच तर पाहिजे. सोमवारी ये.

आठ घरं उभी, आठ आडवी: एक फरशी.
एका फरशीला रंग चार,
त्यातला चौथा पारदर्शक.
पहिल्या दिवशी मी हसले.
नसलेलाही मोजायचा?
मोजायचाच, नील म्हणाला. त्याचीही जागा भरते.

कंपनीचा परवाना आमच्याकडे नव्हता.
मागितलाही नव्हता. फीचा आकडा ऐकून ट्रेव्हर
जिना उतरून बराच वेळ नुसता रस्त्यावर उभा होता.
यंत्राच्या पोटात एक चिमुकलं कुलूप असतं,
ते कॅसेटला सारखं विचारत राहतं:
आपल्यातली का तू? आपल्यातली का?
आमच्या कॅसेटकडे उत्तर नव्हतं.
ती कुलपाला विजेचा बारीक चिमटा काढायची
आणि ते कळवळतंय तोवर आत.
असं आत शिरणं मला अगदीच नवीन नव्हतं,
एवढंच सांगते.

खेळ तसा साधा. तलवार, दोरी, उड्या, मरण,
पुन्हा उड्या.
पण मागचा देखावा तीन थरांत सरकायचा.
जवळचा भरभर, मधला सावकाश,
आणि सगळ्यात मागचा इतका हळू
की डोळा हटवून परत बघावं तेव्हा कळे.
तिथे मी कातळ काढला. काळा, पायऱ्यापायऱ्यांचा,
सपाट डोक्याचा,
वरून पाण्याची एकच पांढरी दोरी.
एका मासिकाने लिहिलं, ग्राफिक्स थक्क करणारे,
असा परग्रह आजवर कुणाला सुचला नव्हता.
परग्रह!
साताऱ्याहून मेढ्याला जाणाऱ्या एसटीत
डावीकडची खिडकी मिळाली तर दिसतो तो.
मी कात्रण ठेवलं. दुरुस्ती कळवली नाही.

पुढच्या वर्षीच्या यंत्रांना चिमटा लागेना.
खोकी परत आली, जिन्यात रचली,
त्यांच्यावर बसून आम्ही चिप्स खाल्ल्या.
शेवटच्या पडद्यावर ट्रेव्हरचं नाव, नीलचं नाव,
आणि खाली 'मदतनीस'.
ट्रेव्हर स्पेनला गेला म्हणे. नील गॅसच्या ऑफिसात लागला.
मी एका शाळेत हजेरीपटाचे चौकोन भरले,
तीस वर्षं. हात तयारच होता.

परवा रविवारी मैदानावर जुन्या सामानाचा बाजार.
भिजलेला टोस्टर, एका बाहुलीचे बूट,
त्यांच्यामध्ये ती. सोनेरी प्लास्टिक, लेबल अर्धं उडालेलं.
'दोन पौंड, लव्ह,' बाई म्हणाली,
'त्या काळाच्या मानाने चित्रं झकास आहेत हो हिची.'
मी काही बोलले नाही.
दीड पौंडाला घेतली.

शेजारच्या डिलनला जुनी यंत्रं जमवायचा नाद.
फुंकर मारली, बटण दाबलं, दोनदा काळा पडदा,
तिसऱ्यांदा चिमटा बसला.
पोरगं माझ्यापेक्षा बरं खेळतं.
चौथ्या टप्प्यावर मात्र मध्येच थांबलं,
पडद्यापाशी नाक नेलं.
कातळाच्या कुशीत, डावीकडे,
एक ठिपका पिवळा.
तो मी एका रात्री टाकला होता,
नील घरी गेल्यावर, कुणाला न विचारता.
खिडकीएवढाही नाही. दिव्याएवढा.

'तिथे एक जास्तीचा जीव लपवलाय का?'
डिलनने विचारलं.
'कसं जायचं तिथं?'

नाही जाता येत, म्हटलं.
तो थर नुसता मागे सरकत राहतो.
पळ तू. मागून आले बघ.