मुठीतलं पान

प्रश्न माझ्याकडे होते,
म्हणजे भीती तिच्याकडे असायला हवी होती.
बातुमी, तिसरा मजला, काचेचं टेबल,
खिडकीबाहेर बंदरातल्या क्रेनच्या लांबच लांब माना.
मुलाखती घ्यायचा माझा पहिलाच दिवस
आणि गोगितीद्झे साहेब नेमके दाढदुखीनं घरी.

क्रमांक अकरा. नाझिब्रोला दिआसामिद्झे. वय त्रेपन्न.
चहाचा कारखाना, बारा वर्षं. कारखाना बंद.
नंतर बाजारात संत्री.
नंतर सीमेपलीकडे, त्राब्झोनला,
कुणाच्या तरी अंथरुणाला खिळलेल्या आईची उठबस.
अर्ज कशासाठी: आणीबाणीचे फोन घेणं, रात्रपाळी.

मांडीवरची पर्स तिनं खाली ठेवली,
जणू आता दोन्ही हात लागणार आहेत.

मी वाचलं: ताणाखाली तुम्ही शांत कशा राहता?
आधीच्या दहाजणांनी घोकून आणलेलं म्हटलं होतं.
दीर्घ श्वास. चांगले विचार.
एकानं तर श्वास घेऊनही दाखवला,
त्याला ठसका लागला.

ती बोलेना.
मी कागद सरळ केले. ते सरळच होते.
खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं,
टीं टीं टीं, संपता संपेना.

"राहत नाही," ती म्हणाली. "परत येते."

याला फॉर्मवर रकाना नव्हता.

मग चाचणी. फोन करणारा मी, घेणारी ती.
आग लागलीय, चौथा मजला, मूल आत आहे,
मी विजेचं बिल वाचावं तसं वाचलं.
तिनं नाव विचारलं. ते कागदावर होतं.
पत्ता. तोही होता.
"आणि आत्ता तुमच्या समोर काय दिसतंय?"

हे कागदावर नव्हतं.
पान उलटलं. मागची बाजू कोरी.
कानामागून घाम निघाला आणि कॉलरमध्ये शिरला.
"सांगा ना," ती म्हणाली. घाई नाही, गोडवाही नाही,
दाराशी उभं राहून कुणी चपला घालायची वाट बघावी तसं.

"क्रेन," मी म्हणालो. "पिवळी.
एक जहाज. त्याच्यावर कुणीतरी कपडे वाळत घातलेत.
पाण्याचा ग्लास. त्यात माशी नाही. मला वाटलं होतं, आहे.
आणि माझे हात."
"चांगलं. हात काय करतायत?"
"थरथरतायत."
"थरथरू देत. आता मला सांगा, जिना कुठल्या बाजूला आहे?"

आणि मला खरंच आठवला, आमच्या जुन्या इमारतीचा जिना,
डाव्या हाताला, तुटक्या टपालपेट्यांच्या मागे.
मी सांगितला.
मूल, बहुतेक, वाचलं.

तेव्हा कुठं मला काचेतून तिचा हात दिसला.
उजवी मूठ, सांधे पांढरेफटक,
आणि ती अगदी सावकाश उघडत होती,
करंगळीपासून.

"दुखतोय का हात?"
ती हसली. पुढचा एक दात सोन्याचा.
म्हणाली, पान वाळायला घातलं की
मूठभर घेऊन दाबून बघायचं.
सोडल्याबरोबर उसळलं, तर अजून कच्चं.
चुरा झाला, तर हातचं गेलं.
तयार पान मुठीचा आकार थोडा वेळ धरून ठेवतं,
मग आपलं आपण उलगडतं.
"सकाळपासून सात वेळा उसळलंय,"
ती म्हणाली, "बसमध्येच चार."

जाताना तिनं खुर्ची आत सरकवली.
पर्स मात्र विसरली, दारातून परत आली,
कानापर्यंत लाल झालेली.

शांतपणा: एक ते पाच.
तिथं मी काय लिहिलं ते साहेबांना विचारा.

बाराव्याला आत बोलावण्याआधी
मी टेबलाखाली हात नेला. काचेचं टेबल,
लपायची सोय नाही.
मूठ वळली. सोडली.
उसळली.

बाहेर बाकावर कुणीतरी खोकलं.
मी पुन्हा वळली.